गांजा ओढलेल्या स्किझोफ्रेनिया-रुग्णांचा मेंदू म्हणे जास्त चांगला चालतो. भावाने दाखवलेला पेपर आणि माझा गोंधळ

अर्धविराम (धागाकर्ती)

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन सहा वर्षं झाली. तेव्हा तो २१ चा होता. गांजा त्याच्याही आधीपासून, १६ व्या वर्षापासून. घरात आजार आधी कळला आणि गांजा नंतर. त्यामुळे सुरुवातीला सगळं खापर आमच्या वागण्यावर फुटलं आणि नंतर सगळंच्या सगळं गांजावर. मधली तीन वर्षं चांगली गेली. गोळ्या वेळेवर, झोप बरी, अर्धवेळ काम. चार महिन्यांपूर्वी तो पुन्हा ओढायला लागला आणि आता ते रोजचं झालंय.

मागच्या आठवड्यात त्याने फोन माझ्यासमोर धरला. "वाच ताई. गांजा ओढलेल्या पेशंटचा मेंदू न ओढलेल्यांपेक्षा जास्त चालतो. मी नाही म्हणत, संशोधन म्हणतंय."

मी "काहीही बोलू नकोस" म्हणून मोकळी झाले. रात्री मात्र झोप येईना, म्हणून वाचायला बसले. आणि तो थापा मारत नव्हता!

पेपर नॉर्वेतल्या बर्गेनचा आहे, २०१२ चा. स्किझोफ्रेनिया असलेले २६ जण, त्यातले १३ पूर्वी गांजा ओढलेले आणि १३ न ओढलेले. त्यांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणारं स्कॅन) झोपवून एक काम दिलं. दोन्ही कानांत एकाच क्षणी दोन वेगळी अक्षरं ऐकवायची, एका कानात 'बा' आणि दुसऱ्यात 'गा', आणि काय ऐकू आलं ते सांगायचं. मग सांगायचं की आता फक्त उजव्या कानाकडे लक्ष द्या. मग फक्त डाव्या. डाव्याचं काम अवघड, कारण बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात आणि उजव्या कानाचा रस्ता तिकडे जास्त सरळ जातो. म्हणजे उजवा कान आपोआप जिंकतो. डाव्या कानाचं ऐकायचं तर जिंकणाऱ्याला मुद्दाम गप्प बसवावं लागतं, आणि स्किझोफ्रेनियात नेमकं हेच जमत नाही. (ज्याच्या कानात आवाज बोलत असतात त्याला हे काम का जड जात असेल, हे वाचून मी थोडा वेळ पुढे सरकलेच नाही.)

तर गांजा ओढलेल्या गटाचा मेंदू या कामात जास्त 'पेटलेला' दिसला. शिवाय स्मरणशक्ती, लक्ष, नियोजन वगैरे चाचण्यांत गांजा ओढलेले रुग्ण न ओढलेल्यांपेक्षा सरस ठरतात असं सांगणारे अभ्यास एकदोन नाहीत, बरेच आहेत.

निरोगी माणसाने रोज ओढला तर स्मरणशक्ती मंदावते, हे तर आपण सगळे ऐकून आहोत. मग आजारी माणसात उलटं कसं? भावाला काय उत्तर देऊ? "वाईट असतं" हे उत्तर तो कित्येक वर्षं ऐकतोय. ते नको.

---

रात्रपाळी

आधी त्याचं ओढणं बंद करा, पेपर मग वाचा. घराला आग लागली असताना आगीचं रसायनशास्त्र कसलं वाचताय?

---

अर्धविराम

@रात्रपाळी, बंद करून बघितलं. खिसे तपासले, पैसे बंद केले, मित्रांना फोन केले. त्यातून एवढंच झालं की तो ओढतो ते मला उशिरा कळायला लागलं. आत्ता निदान तो माझ्याशी वाद घालतोय. मला तो वाद तुटू द्यायचा नाहीये.

---

कडूगोड

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न, फक्त भावाऐवजी नवरा.

---

चष्मेबहाद्दर

मी मानसशास्त्रीय चाचण्या घेण्याचं काम करतो, त्यात सायकोसिसचे (भास, भ्रम, वास्तवाशी संबंध तुटणं; स्किझोफ्रेनिया त्यातलाच) शुभार्थी, म्हणजे रुग्ण, बरेच असतात. तुमच्या भावाने हातात धरलेला निष्कर्ष खोटा नाही, त्याचा अर्थ मात्र तो म्हणतो तो नाही. तुमच्या वाक्यातला 'पूर्वी' हा शब्द बघा. सगळी गंमत तिथे आहे.

२०१२ मध्येच असे अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. गांजाचा इतिहास असलेले रुग्ण चाचण्यांत थोडे वरचढ ठरतात हे त्यातही दिसलं. पण ते कुठून येतंय म्हणून फोड केली, तेव्हा हा वरचढपणा मुख्यतः 'आयुष्यात कधीतरी ओढलाय' अशा रुग्णांच्या अभ्यासांतून आलेला निघाला. आत्ता ओढणाऱ्यांच्या, नुकताच ओढलेल्यांच्या अभ्यासांतून नव्हे. गांजा मेंदूला खतपाणी घालत असता तर आज ओढणारा सगळ्यांत पुढे दिसायला हवा होता.

मग वरचढ का? बर्गेनच्याच मंडळींनी मांडलेला विचार मला पटतो. स्किझोफ्रेनियापर्यंत माणूस एकाच वाटेने येत नाही. काहींच्या मेंदूची घडण लहानपणापासूनच वेगळी असते. उशिरा बोलणं, शाळेत मागे पडणं, एकटं राहणं, आणि मग विशीत आजार. या मुलांच्या चाचण्या आजाराच्या आधीपासून कमी येतात. दुसरीकडे अशी मुलं, ज्यांची मूळ घडण बरीच धडधाकट होती, नुसती राहिली असती तर कदाचित आजार आलाच नसता किंवा बराच उशिरा आला असता. त्यांना गांजाने कडेलोट केला. ही दुसरी मुलं 'गांजावाल्या' गटात जमा होतात आणि त्या गटाची सरासरी वर ओढतात. ती हुशार दिसतात कारण ती आधीपासून हुशार होती.

अजून एक साधी गोष्ट. गांजा मिळवायला ओळखी लागतात, मित्र लागतात, थोडं बोलघेवडेपण लागतं. आजार सुरू होण्याआधीच माणसांपासून तुटलेल्या मुलापर्यंत तो पोचतच नाही.

---

शून्यावर_एक

चष्मेबहाद्दरांना अनुमोदन. आकडेमोड हा माझा धंदा, म्हणून माझे दोन पैसे.

हाड मोडलेल्या रुग्णांच्या वॉर्डात जा. दोन गट करा, मोटारसायकलवरून पडलेले आणि न्हाणीघरात पाय घसरून पडलेले. आता सगळ्यांच्या हाडांची घनता मोजा. मोटारसायकलवाल्यांची हाडं कितीतरी मजबूत निघतील. यावरून 'मोटारसायकलवरून पडल्याने हाडं मजबूत होतात' असं कोणी म्हणेल का? मजबूत हाड मोडायला मोठा धक्का लागतो आणि ठिसूळ हाड ओल्या फरशीवरही मोडतं, एवढंच ते सांगतंय. वॉर्डाच्या आत उभं राहून तुलना केली की धक्का हितकारक वाटायला लागतो.

दुसरं, २६ माणसं. १३ विरुद्ध १३. असा अभ्यास प्रश्न विचारायला उत्तम, उत्तर द्यायला अपुरा. असे अभ्यास करूच नयेत असं मी म्हणत नाही, यंत्रात झोपायला तयार होणारे रुग्ण मिळणं सोपं नसतं. पण याच्या जोरावर रोज ओढायचं ठरवणं म्हणजे फारच झालं.

तिसरं, 'मेंदू पेटला' या शब्दप्रयोगाला माझा कायमचा आक्षेप आहे. एफएमआरआय विचार मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजते. एखाद्या कामात तो बदल जास्त दिसला तर 'हा भाग कामाला लावता आला' असा अर्थ निघू शकतो आणि 'हेच काम करायला याला जास्त दमावं लागलं' असाही निघू शकतो. जिना चढताना माझी छाती जास्त धडधडते, म्हणून मी जास्त तंदुरुस्त ठरत नाही.

---

रात्रपाळी

न्हाणीघराचं उदाहरण भारी. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो, रसायनशास्त्र चालू द्या.

---

मोकळं_आभाळ

इथे सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून जरा विरोधी पक्ष.

जगात कोट्यवधी लोक गांजा ओढतात आणि बहुसंख्यांना काहीही होत नाही. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. आजाराची चाहूल लागलेला अस्वस्थ मुलगा बरं वाटावं म्हणून गांजा जवळ करतो, असं का नसावं? कारण आणि परिणाम तुम्ही उलटे लावताय. जनुकांचं काय? आणि दारू? तिच्यावर असा धागा निघत नाही. शिवाय गांजातलंच सीबीडी नावाचं द्रव्य सायकोसिसवर औषध म्हणून वापरून बघताहेत, त्याचं काय?

---

शून्यावर_एक

@मोकळं_आभाळ, प्रश्न रास्त आहेत, थट्टा करत नाहीये.

कारण-परिणामाच्या दिशेबद्दल: स्वीडनमध्ये १९६९-७० साली लष्करात भरती झालेल्या ४५,५७० तरुणांची गांजाची माहिती आधी नोंदवली गेली आणि मग १५ वर्षं बघितलं, कोणाला आजार होतो. निष्कर्ष १९८७ मध्ये छापून आले. ५० पेक्षा जास्त वेळा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढलेल्यांच्या सहापट. इतर गोष्टी हिशेबात धरल्या की हा आकडा बराच खाली येतो, पण एकपट होत नाही.

न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा अभ्यास जन्मापासूनचा आहे. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी २६ व्या वर्षी १० टक्क्यांना स्किझोफ्रेनियासदृश विकार, इतरांत ३ टक्के. तुमच्या बाजूने सांगायचं तर त्यांनी ११ व्या वर्षीच दिसलेली भासांसारखी लक्षणं हिशेबात घेतली, तेव्हा हा दुवा सैल पडला. म्हणजे आधीची चाहूल हा मुद्दा पोकळ नाही. जनुकांवरच्या अलीकडच्या कामातही आजाराच्या जनुकीय कलाकडून गांजाकडे जाणारा बाण चांगलाच ठळक दिसतो.

दोन्ही दिशा खऱ्या असू शकतात. मला मात्र डोसाचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. २०१९ मध्ये युरोपातल्या दहा आणि ब्राझीलमधल्या एका ठिकाणचा मोठा अभ्यास आला, पहिल्यांदा सायकोसिस झालेले ९०१ जण आणि तुलनेला १,२३७. रोज ओढणाऱ्यांत शक्यता ३.२ पट. रोज आणि तोही कडक, म्हणजे टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) १० टक्के किंवा त्याहून जास्त असलेला, तर ४.८ पट. नुसतं 'बरं वाटावं म्हणून ओढतात' हे कारण धरलं, तर मालाच्या कडकपणाने एवढा फरक का पडावा?

दारूबद्दल: ८३ अभ्यासांचं एक विश्लेषण २०११ चं आहे. गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिस सरासरी २.७ वर्षं लवकर सुरू झालेला दिसला. दारूच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. दारू इतर शंभर मार्गांनी वाट लावते, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

मोकळं_आभाळ

कडकपणाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण 'कडक आवडणारे' लोक मुळात वेगळे असू शकतात, ही पाचर मारून ठेवतो. सीबीडीचं राहिलं.

---

शून्यावर_एक

पाचर मान्य :)

---

उंबरठा

बरेच दिवस नुसता वाचक होतो. आज लिहितो, कारण या धाग्यावर आजार असलेलं अजून कोणी बोललं नाही.

मला निदान होऊन १४ वर्षं झाली. गांजा सोडून पाच. दोनदा सोडून दोनदा परत गेलो होतो, हे आधीच सांगतो.

तुम्ही सगळे मेंदूच्या कामगिरीबद्दल बोलताय. मी स्मरणशक्ती वाढावी म्हणून कधीच ओढलं नाही. गोळ्या घेतल्यावर आवाज कमी झाले पण त्यांच्याबरोबर बाकीचंही सगळं कमी झालं. गाणं ऐकलं तर कळायचं की हे गाणं आहे, बस. सकाळी उठून बसायचो आणि दुपार व्हायची. डॉक्टर याला 'निगेटिव्ह लक्षणं' म्हणतात, घरचे आळस म्हणायचे. ओढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी हलायचं. गाणं परत गाणं व्हायचं. त्या दहा मिनिटांबद्दल मला अजूनही कोणी वाईट बोलू नये असं वाटतं.

अडचण पुढे. आवाज लगेच यायचे नाहीत. ते नंतर यायचे, संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर ओढल्याची गोष्ट मागे पडलेली असायची. मला खरोखर वाटायचं की गांजाने बरं वाटतं आणि आवाज येतात ते आजारामुळे, किंवा शेजारच्यांमुळे. आवाज आले की पुन्हा ओढायचो, कारण पुन्हा दहा मिनिटं मिळायची.

सोडलं ते कोणाच्या भाषणाने नाही. एका नर्सने वही दिली होती. ओढलं की वेळ लिही, आवाज आले की वेळ लिही, बाकी काही लिहू नकोस. ती वाचणारही नव्हती. तीन आठवड्यांनी मी स्वतःच पानं चाळली.

@अर्धविराम, भावाला हे दाखवायचं तर दाखवा. नाही दाखवलंत तरी चालेल.

---

अर्धविराम

@उंबरठा, काय लिहू कळत नाहीये. 'गाणं परत गाणं व्हायचं' हे वाक्य त्याने मला वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं आणि मी त्याला बहाणा म्हणाले होते.

---

चष्मेबहाद्दर

उंबरठा, तुमच्या वहीत जे दिसलं ते एका अभ्यासातही दिसलंय, म्हणून लिहितो. २०१० चा आहे. सायकोसिस असलेले आणि नसलेले, दोघांनाही रोजच्या जगण्यात दिवसातून अनेकदा खूण मिळायची आणि त्या क्षणी आपण काय केलं, कसं वाटतंय, काही भास झाले का, हे नोंदवायचं. रुग्णांना गांजाचा आनंद इतरांपेक्षा जास्त मिळत होता आणि भासही जास्त होत होते. आनंद लगेच आणि भास थोडे उशिरा. बक्षीस आधी, बिल नंतर. अशा सवयीतून बाहेर पडणं कोणालाही कठीणच जातं, त्यात इच्छाशक्तीचा दोष काढण्यात अर्थ नाही.

आता मेंदूत काय होतं ते. थोडं लांबेल.

गांजातलं नशा आणणारं द्रव्य टीएचसी. ते मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसतं तिला सीबी-१ ग्राहक म्हणतात. आता गांजासाठी मेंदूने जागा का राखून ठेवावी? तर ती गांजासाठी नाहीच. मेंदू स्वतःच एक द्रव्य बनवतो जे तिथे बसतं. १९९२ मध्ये ते सापडलं तेव्हा त्याला 'आनंदामाइड' नाव दिलं, आपल्या 'आनंद' शब्दावरूनच. त्याचं काम आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणासारखं आहे. एक पेशी दुसरीला संदेश पाठवते, तो जरा जास्तच झाला की घेणारी पेशी उलट दिशेने हे द्रव्य सोडते: बास, हळू. क्षणभर काम करतं आणि विरघळून जातं. हे ज्या पेशीला हवं तिथेच आणि हवं तेव्हाच होतं. टीएचसी सगळीकडे एकदम जाऊन बसतं आणि तासन्‌तास उठत नाही. सगळ्या खोल्यांतली बटणं कोणीतरी एकाच वेळी दाबून धरावीत तसं.

हे ग्राहक दाट कुठे आहेत? नवीन आठवण बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, कपाळामागच्या भागात जिथे आपण लक्ष आवरतो आणि बेत आखतो तिथे, हालचालींच्या केंद्रांत. स्किझोफ्रेनियात आधीच डळमळीत असलेल्या जागा बऱ्याचशा याच. म्हणून त्याच डोसचा परिणाम दोन माणसांत सारखा नसतो.

याची थेट तपासणीही झाली आहे. २००५ मध्ये अमेरिकेत औषधांवर स्थिर असलेल्या १३ रुग्णांना देखरेखीखाली शिरेतून टीएचसी दिलं गेलं, एकदा २.५ मिलिग्रॅम, एकदा ५, एकदा टीएचसी नसलेलं बनावट इंजेक्शन. औषधं चालू असूनही भास-संशय तात्पुरते वाढले आणि शब्दांची यादी शिकणं, आठवणं घसरलं. निरोगी लोकांपेक्षा रुग्णांना त्याचा फटका जास्त बसला. 'पूर्वी ओढलेले सरस' आणि 'आत्ता दिलं तर घसरतात' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. दुसरं वाक्य गांजाबद्दल आहे. पहिलं माणसाबद्दल.

सीबीडी: @मोकळं_आभाळ, ते टीएचसीसारखं सीबी-१ ला चिकटून नशा आणत नाही. २०१८ मध्ये ८८ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत रोज १,००० मिलिग्रॅम सीबीडी किंवा बनावट औषध सहा आठवडे दिलं, तेव्हा भास-संशय काहीसे कमी झाले. दुसऱ्या एका गटाने ६०० मिलिग्रॅम देऊन बघितलं, फायदा दिसला नाही. आशा आहे, औषध अजून नाही. आणि बाजारातल्या कडक गांजात सीबीडी नावालाच असतं, त्यामुळे 'मी सीबीडीसाठी ओढतो' हे खरं नाही.

---

कडूगोड

सोडल्यावर मेंदू परत येतो का? माझा सगळा प्रश्न एवढाच आहे. बाकी सगळं मी पण वाचलंय.

---

चष्मेबहाद्दर

@कडूगोड, जे दिसलंय ते आशादायक आहे. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूत सीबी-१ ग्राहक कमी झालेले असतात. दाबून धरलेलं बटण मेंदू हळूहळू काढूनच टाकतो. निरोगी लोकांत चारेक आठवडे बंद ठेवल्यावर ते भरून येताना दिसले आहेत. स्किझोफ्रेनिया आणि गांजाचं व्यसन दोन्ही असलेल्यांना २८ दिवस बंद ठेवायला लावून केलेला अभ्यासही आहे. ऐकलेले शब्द लक्षात ठेवणं त्यात सुधारलं. सगळंच सुधारलं असं नाही, आणि मूळ आजारामुळे आलेली घट गांजा सोडून भरून येत नाही. खोटी आशा देत नाही.

आजाराने पुन्हा उचल खाण्याबद्दल चित्र जास्त स्पष्ट आहे. २०१६ चं विश्लेषण, २४ अभ्यास, १६,५६५ माणसं. निदानानंतरही ओढत राहिलेल्यांत आजार जास्त वेळा उलटला. ज्यांनी सोडलं ते कधीच न ओढलेल्यांच्या जवळ येऊन बसले. माझ्या मते चाचणीतल्या गुणांपेक्षा तुमच्या घरासाठी हे वाक्य मोठं आहे.

---

उंबरठा

एक व्यवहाराची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. सोडताना डॉक्टरांना आधी कळवा. मी क्लोझापिनवर आहे. धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं, तंबाखूचा धूर असो की गांजाचा. ओढणं अचानक थांबलं की तीच गोळी अंगात जास्त साठायला लागते. मी पहिल्यांदा सोडलं तेव्हा दिवसभर झोपेत आणि लाळ गळतेय, सगळे म्हणाले बघा गांजा सोडल्याने कसा झालाय. डोस कमी करायला हवा होता एवढंच. ओलान्झापिनचंही तसंच.

आणि स्वतःच्या मनाने गोळी कमी करू नका हं. मी ते पण करून बघितलंय.

पहिले दहा-बारा दिवस झोप उडते, चिडचिड होते, स्वप्नं भयंकर पडतात. ते गांजा उतरण्याचं असतं, आजाराचं असेलच असं नाही. पण आवाज वाढले तर वाट बघू नका.

---

मोकळं_आभाळ

ही धुराची माहिती मला नवीन आहे. माझ्या एका जवळच्या माणसाला लगेच पाठवतोय. वाद आपला चालूच राहील.

---

अर्धविराम

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी.

धागा त्याला दाखवला. आधी मीच मोटारसायकलचं उदाहरण तोंडी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे मी मोटारसायकलवाला. निदान न्हाणीघरात तरी नाही पडलो." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे मी ओढलं नसतं तर झालंच नसतं असं म्हणायचंय का यांना?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, कोणा एका माणसाबद्दल ते कोणालाच सांगता येत नाही, आणि मला ते शोधायचंही नाहीये. @चष्मेबहाद्दर, @शून्यावर_एक, तुमचं चुकलं असं म्हणत नाही, पण 'गांजाने कडेलोट केला' हे वाक्य ज्याचा कडेलोट झाला त्याने वाचलं की कसं वाटतं, ते मी समोर बसून बघितलं.

उंबरठांचा प्रतिसाद त्याने स्वतःच्या फोनवर घेतला. माझ्यासमोर वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी वही मागितली. मी एक पानसुद्धा उघडलेलं नाही, शपथेवर सांगते. बारा दिवसांनी स्वतःच डॉक्टरांची वेळ घेऊन ये म्हणाला. त्यांना धुराचं आणि गोळीचं विचारलं (तो ओलान्झापिनवर आहे). त्यांनी पुढचा महिना दर आठवड्याला बोलावलंय आणि डोस ते बघणार आहेत. आज सहावा दिवस. झोप नाहीये. परवा रात्री दोन वाजता आम्ही दोघं पत्ते खेळत बसलो होतो.

---

शून्यावर_एक

तुमची तक्रार मान्य, आणि मनापासून माफी. आकडे गटाचे असतात, वाचतो मात्र एकटा माणूस. भावाला सांगा, मोटारसायकलवाल्यांचं हाड लवकर जुळतं असं मी मुद्दाम म्हणणार नाही, कारण तसा दाखला या उपमेतून निघत नाही. पण जुळावं.

---

उंबरठा

सहावा दिवस हा वाईट असतो. दहाव्यानंतर बोलू.

---

अर्धविराम

नक्की. एक राहिलं, चष्मेबहाद्दरांसाठी. दोन वर्षांपूर्वी त्याची चाचणी झाली होती, १२ शब्दांची यादी तीनदा ऐकवून नंतर विचारतात ती. २८ दिवस झाले की तीच पुन्हा करायची त्याने स्वतःच मागणी केली आहे. म्हणतो, "होऊ दे तुमच्या संशोधनाची परीक्षा." मला मात्र हळूच सांगितलं की त्यातले पहिले चार शब्द त्याला अजून पाठ आहेत.

---

चष्मेबहाद्दर

यादी दर वेळी बदलून देतात हो. पण हे त्याला आत्ताच सांगू नका.